देवाचा दरबार मांडणारा कवी : रे. नारायण वामन टिळक

(बी. ए. द्वितीय वर्ष)

टिळक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पगडी घातलेले लोकमान्य उभे राहतात, आणि ते साहजिकही आहे. पण लोकमान्यांच्याच रत्नागिरी जिल्ह्यात, त्यांच्यानंतर पाच वर्षांनी आणखी एक टिळक जन्माला आले. ते राजकारणात पडले नाहीत. ते कवी होते, आणि चित्पावन ब्राह्मणाच्या घरात जन्म घेऊन वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते ख्रिस्ती झाले. फुलामुलांचे कवी म्हणून मराठीच्या पुस्तकातून त्यांची ओळख होते. पिल्लांसाठी चारा घेऊन घरट्याकडे धडपडत परतणाऱ्या घायाळ पक्षिणीची त्यांची कविता मागच्या पिढीतल्या कितीतरी गुरुजींना तोंडपाठ होती.

मलाही ते तेवढेच ठाऊक होते. यंदा ग्रंथालयातून लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' घेतले. आमच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय आलेले हे पहिलेच जाड पुस्तक, त्यामुळे आईने ते देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवले. ते वाचल्यावर कळले की या कवीच्या आयुष्याचा शेवटचा अंक त्याच्या कवितेपेक्षाही विलक्षण आहे. पंचावन्न वर्षांचे असताना, घरसंसार चालू असताना, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाची एक आगळी मंडळी सुरू केली. धर्मसंस्था चालवायची कोणी, आणि कोणाच्या पैशावर? तिच्या दारात कोणाला बसू द्यायचे? हे प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या मराठी मुलुखात विचारले, आणि नुसते विचारून ते थांबले नाहीत. म्हणून हा लेख.

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगावचा. बालपण बरेचसे कल्याणला गेले. वडील तापट, आई जानकीबाई मायाळू आणि काव्याची आवड असलेली. आई लवकर गेली आणि मुलाचे घरावरचे मन उडाले. तो नाशिकला आला. तेथे संस्कृतचा अभ्यास झाला, पण शाळेचे शिक्षण अर्धवटच राहिले. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी लग्न झाले. मुलगी अकरा-बारा वर्षांची. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक. तिला अक्षरओळख करून दिली तीही नवऱ्यानेच.

टिळकांचा स्वभाव मोठा चमत्कारिक. एका गावी टिकायचे नाहीत, हातात पैसा राहायचा नाही, मनात आले की न सांगता उठून चालू लागायचे. लक्ष्मीबाईंनी हे सारे इतक्या हसऱ्या लेखणीने लिहिले आहे की वाचताना आपणही हसतो, आणि पुस्तक मिटल्यावर त्या बाईचे काय होत असेल ते जाणवते. नोकरीच्या शोधात फिरत फिरत टिळक आपल्या विदर्भात आले. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केले, 'ऋषि' नावाचे मासिक चालविले. त्या सुमारास त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. या देशाला वर काढायचे तर जातिभेद मोडणारा, सर्वांना एकत्र आणणारा धर्म हवा, आणि तसा धर्म नव्याने स्थापावा असेही त्यांना वाटू लागले होते.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी आगगाडीने निघाले. डब्यात एक गोरे गृहस्थ होते. संस्कृत काव्यावर गोष्टी निघाल्या. त्या गृहस्थांनी त्यांना बायबलातला नवा करार भेट दिला, तो वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही करून टाकले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले असणार. पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून ते वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन अडकले. शत्रूवरही प्रेम करा, ही शिकवण त्यांच्या मनातून जाईना. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा संबंध आला. महीपतीच्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर पुढे ज्यांनी केले तेच हे ॲबट. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आगगाडीतल्या त्या गृहस्थाचे नाव त्यांना कधीच कळले नाही.

या ठिकाणी मला टिळकांचा राग येतो, तो लपवीत नाही. बायको माहेरच्या माणसांत, पदरी लहान मुलगा दत्तू, आणि नवऱ्याने धर्म बदलल्याची बातमी कानावर येते ती सगळे होऊन गेल्यावर! सर्वांवर प्रेम करायला सांगणाऱ्या धर्मात शिरताना पहिला घाव घरातल्या माणसावर पडला. लक्ष्मीबाई पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या, रडल्या, आजारी पडल्या. बऱ्याच वर्षांनी नवऱ्याच्या गावी आल्या त्याही आपले सोवळेओवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी तेव्हा मात्र घाई केली नाही, सक्ती केली नाही. बाईंनी स्वतःच विचार केला की जाती देवाने केल्या की माणसाने, आणि स्वतःच उत्तर काढले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. एक माणूस झटक्यात गेला आणि एक पायरी पायरीने गेला. माझ्या मते लक्ष्मीबाईंचा प्रवास अधिक कष्टाचा होता.

टिळकांचे ख्रिस्ती आयुष्य मुख्यतः नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेले. अमेरिकन मिशनचे काम तेथे १८३१ पासून चालू होते. तेथे शाळा होत्या, पाळक तयार करणारे विद्यालय होते आणि खेडोपाडी मंडळ्या होत्या. मंडळीतले बहुतेक लोक महार आणि मांग समाजातून आलेले. टिळक तेथे शिकवू लागले, पुढे रेव्हरंड झाले. दुष्काळात आणि प्लेगात पोरकी झालेली किती मुले टिळकांच्या घरात वाढली! बालकवी ठोमरेही त्यांच्याच घरी राहिले. १९१२ पासून 'ज्ञानोदय' या पत्राचा मराठी भाग ते संपादीत होते. हे पत्र १८४२ मध्ये निघालेले, म्हणजे तेव्हाच सत्तर वर्षांचे जुने.

वरवर पाहता सगळे सुरळीत होते. मग त्यांना टोचत काय होते? ते समजायचे तर मिशनचा गाडा कसा चाले ते पाहिले पाहिजे. पैसा अमेरिकेतून येई. अमेरिकेतली मंडळी वर्गणी काढत, बोस्टनचे बोर्ड ती पाठवी आणि येथे मिशनरी साहेबाच्या हातून ती वाटली जाई. शाळेचा मास्तर, खेड्यातला प्रचारक, बायकांना बायबल वाचून दाखविणारी बाई, बहुतेक पाळकसुद्धा, सगळे मिशनच्या पगारावर. साहेब बंगल्यात आणि बाकीचे खाली. साहेब मनाने कितीही चांगला असला तरी जो पगार देतो तो मायबाप होतो आणि जो घेतो तो नोकर होतो. मग पाळक लोकांकडे पाहत नाही, बंगल्याकडे पाहतो. लोकही देणगी देत नाहीत, कारण देणारे सातासमुद्रापलीकडे बसलेलेच आहेत. आणि बाहेरच्या हिंदूला वाटते, हा पोटासाठी गेला. टिळकांचे म्हणणे असे की मिशनऱ्यांनी आईबापांच्या नात्याने न राहता भावंडांच्या नात्याने राहावे, आणि येथील मंडळीने आपल्या पायांवर उभे राहावे. आज हे कोणीही म्हणेल. १९१० च्या सुमारास पगारदाराने ते म्हणायला छाती लागत होती.

दुसरी टोचणी गाण्याची होती. प्रार्थनामंदिरात विलायती चालीवर मराठी शब्द बसवून गायचे, अशी जुनी रीत. शब्द ओढूनताणून बसत आणि जीव त्यात बसत नसे. टिळकांच्या आधी नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले होते. टिळकांनी तो धागा उचलला आणि ओवी, अभंग, भजन, कीर्तन या सगळ्यांतून ख्रिस्त गायला. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकात त्यांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे. आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकारामाच्या पुलावरून, असे ते मानीत. मागचा पूल जाळून पुढे जा असे त्यांना कोणी सांगितले असते तरी ते त्यांच्याने झाले नसते.

आमच्या गावात, रिसोड तालुक्यात, दरवर्षी सप्ताह बसतो. रात्रीच्या कीर्तनाला सगळे गाव जमते. टाळ वाजू लागला की माझ्या आजोबांची पाठ ताठ होते. अशा माणसापुढे पेटीवर कोणी इंग्रजी चाल धरली तर तो उठून जाणार नाही, पण आत काही हलणारही नाही. टिळकांना हे कळले होते. (अर्थात कीर्तनालाही पैशाचे ग्रहण लागतेच. बिदागीचे पाकीट आधी ठरवून घेणारे महाराज आता आमच्याही भागात येतात.)

१९१७ साली टिळकांनी निर्णय घेतला. मिशनच्या चाकरीचा राजीनामा दिला, पगार सोडला, आपण ख्रिस्ती संन्यासी झालो असे जाहीर केले. संन्यासी म्हणजे बायकामुलांना टाकून रानात जाणारा नव्हे. घरातच राहून कोणाचा पगारदार नसलेला, आणि म्हणून सर्वांचा. साताऱ्याला जाऊन त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. कल्पना अशी होती की येशूला गुरू मानणारे सर्व एका कुटुंबात बसतील. बाप्तिस्मा घेतलेले बसतील आणि न घेतलेलेही बसतील. स्त्रिया असतील, पुरुष असतील, जात विचारली जाणार नाही. देव पिता आहे आणि माणसे भावंडे आहेत, हे बोलून न दाखविता वागून दाखवायचे. त्यांना नवा पंथ काढायचा नव्हता. ज्याने बाप्तिस्मा घेतला नाही त्याने आपल्या घरी, आपल्या माणसांत राहावे आणि तरी दरबारात हक्काने बसावे, एवढेच.

मिशनमधल्या अनेकांना हे पटले नाही, आणि त्यांचा विचार केवळ हट्टाचा होता असे मला वाटत नाही. बाप्तिस्मा हे दार आहे. दारच काढून टाकले तर घर कोणते आणि अंगण कोणते? पण मला त्याहून एक वेगळीच शंका येते. टिळकांना बाप्तिस्म्याने घरदार, नातेवाईक, मानमरातब सारे गमवावे लागले होते. म्हणून न गमावता ख्रिस्ताजवळ बसता आले पाहिजे असे त्यांना वाटले, हे समजण्यासारखे आहे. पण नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातल्या माणसाचे काय? त्याला देवळात प्रवेशच नव्हता, विहिरीवर पाणी नव्हते. बाप्तिस्म्याने त्याने गमावले थोडे आणि मिळविले पुष्कळ. त्यात शाळा होती, नवे नाव होते, ताठ मान होती. मंडळीच्या वहीत आपले नाव आहे ही त्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. अभंग आणि कीर्तन टिळकांना जितके आपले वाटत, तितके ते देवळाच्या पायरीवर अडविलेल्याला वाटेलच असे नाही. अर्थात चोखामेळाही अभंगच रचत होता, हेही विसरता येत नाही. या वादात मी दोन्हीकडे झुकते, आणि वर्गात आमची यावर भांडणे झाली आहेत.

टिळक त्या काळी अगदी एकटे होते असेही नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तेथल्या धर्माधिकाऱ्यांशी वाद मांडला की माझा विश्वास कसा असावा हे दुसऱ्याने ठरवू नये. पुढे केडगावला त्यांनी स्वतःच्या रीतीने मुक्ति सदन चालविले. टिळकांचे चरित्र १९२३ साली इंग्रजीत लिहिणारे विन्स्लो हे स्वतः इंग्रज पाद्री. त्यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ नावाचा आश्रम स्थापिला, तो टिळकांच्याच वळणाचा. पुढे तो पुण्याला गेला. म्हणजे शिष्य साहेब झाला आणि गुरू मराठी कवी!

आमच्या सरांनी उत्तर-आधुनिकता शिकविताना ल्योतार या फ्रेंच विचारवंताच्या १९७९ मधल्या पुस्तकाचा उल्लेख केला. साऱ्या जगाचा अर्थ एकदम सांगणाऱ्या महाकथांवर आता माणसांचा विश्वास राहिलेला नाही, असा त्याचा आशय. युरोपात मोठमोठी चर्चे रिकामी पडत आहेत. पण माणसाची देवाविषयीची ओढ संपली असे काही झालेले नाही. श्रद्धा हवी, सभासदत्व नको, अशी पिढी तिकडे आली आहे. आपल्याकडेही तामीळनाडूत बाप्तिस्मा न घेता, हिंदू घरात राहून ख्रिस्ताला भजणारे लोक मोठ्या संख्येने आहेत, हे हर्बर्ट होफर या अभ्यासकाने १९९१ मध्ये पुस्तक लिहून दाखविले. हे ऐकताना मला टिळकांचा साताऱ्याचा दरबार आठवत होता. जे आज पाश्चात्त्य मंडळ्यांना नव्याने सुचते आहे, की पुढारी हा व्यवस्थापक नसून सोबती असावा, धर्म लोकांच्या भाषेत आणि चालीत यावा, दार उघडे असावे, ते त्यांनी १९१७ मध्ये करून पाहिले होते.

मात्र करून पाहिले आणि ते टिकले नाही, हेही खरे. दरबार टिळकांच्या एका माणसाच्या तेजावर उभा होता. ते गेल्यावर तो विरून गेला. येथे मला आपली वारी आठवते. वारकऱ्यांची कोठे वही नाही, सभासदत्व नाही, बोस्टनचे बोर्ड नाही, तरी वारी शतकानुशतके चालते. पण नीट पाहिले तर वारीलाही नेम आहेत. गळ्यात माळ घालायची तर एकादशी पाळावी लागते, वारी चुकवायची नाही, दिंडीत ज्याची त्याची जागा ठरलेली असते. माणूस गेला तरी नेम राहतो आणि नेमावर दिंडी चालते. टिळकांनी तुकारामाचा अभंग घेतला, प्रेम घेतले. दिंडीचा हा नेम मात्र दरबाराला लावून द्यायला त्यांना वेळ मिळाला नाही. दोन वर्षेसुद्धा मिळाली नाहीत.

पगाराचा प्रश्न मात्र टिळकांच्या बाजूने सुटत गेला. परदेशी मिशनरी हळूहळू परतले, मंडळ्या येथल्या लोकांच्या हाती आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातल्या सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले ते आपल्या नागपुरातच. अमेरिकन मराठी मिशनचा वारसा त्यात सामील आहे. पण पैसा आपला झाला म्हणून बंगला खाली उतरला का, हा प्रश्न उरतोच, आणि तो केवळ ख्रिस्ती मंडळ्यांचा नाही. आपल्या शिक्षणसंस्था, देवस्थाने, सहकारी सोसायट्या पाहिल्या तर साहेब गेला तरी साहेबी राहिल्याचे दिसते. वाशीमला नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे. मिशनचा दवाखाना म्हटले की आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांनाही कळते. दवाखाना ओळखीचा आहे, पण त्यामागच्या मंडळीची उपासना कशी असते, ती माणसे कोणती गाणी गातात, हे मात्र आमच्या गावाला ठाऊक नाही. आमचा सप्ताह त्यांना आतून ठाऊक असेल असेही वाटत नाही. ज्या अंतरावर टिळकांनी दरबार मांडला होता, ते अंतर बस स्टँडपासून चालत जाण्याइतके जवळ आहे.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह पुरला नाही, दहन केला. त्यांच्या टेबलावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिले होते, थोडेच अध्याय झाले होते. जिला नवऱ्याच्या धर्मांतराची बातमी सर्वांच्या नंतर कळली होती, आणि जिने अक्षरे त्याच्याकडून गिरवली होती, त्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक अध्याय लिहिले. 'स्मृतिचित्रे' त्यांनी त्यानंतर लिहायला घेतले की मधून मधून, ते माहीत असो वा नसो, १९३४ पासून ते भागाभागांनी छापून येऊ लागले, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. आमच्या घरच्या फळीवर सध्या त्याचीच प्रत आहे. परतीची तारीख उलटून गेली आहे, पण आई रोज दोन पाने अक्षर अक्षर जुळवीत वाचते आहे, आणि टिळकांनी बायकोला न सांगता घर सोडले त्या पानावर ती सध्या अडली आहे.